हिपॅटायटिस सीचा उपचार: वाशिंदच्या रेल्वेवाटेवरचा इतिहास

हिपॅटायटिस सी हा रक्तावाटे पसरणारा यकृताचा विषाणूजन्य आजार आहे. लागण झालेल्या दहा जणांपैकी साधारण तिघांच्या शरीरातून विषाणू आपोआप निघून जातो. उरलेल्या सातांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो. पुढची वीस-तीस वर्षे फारसे काही जाणवत नाही. थकवा येतो, भूक मंदावते आणि त्याचे खापर वयावर किंवा कष्टाच्या कामावर फुटते. दरम्यान यकृत आतून कडक होत जाते. काहींना सिऱ्हॉसिस होतो, पोटात पाणी भरते, रक्ताची उलटी होते. काहींना यकृताचा कर्करोग गाठतो. या आजारावर लस निघालेली नाही. रुग्णाची सगळी भिस्त औषधावर, आणि औषध किती गुण देते, कितीला मिळते आणि कुठे मिळते या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या काळात मिळत गेली.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या बाबतीत तिसरा प्रश्न नेहमीच मोठा राहिला. कल्याण ते वाशिंद हा लोहमार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजी सुरू झाला आणि १८६० मध्ये गाडी आसनगावपर्यंत जाऊ लागेपर्यंत शहापूर तालुक्यातले वाशिंद हेच त्या वाटेवरचे शेवटचे स्टेशन होते. मुंबईपासून अंतर ८० किलोमीटर. मुरबाडला रेल्वे नाही. तिथून एसटीने कल्याण गाठावे लागते. उपचाराची उतरंडही याच वाटेने जाते: गावचे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, ठाण्याचे विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय आणि मग मुंबईची केईएम, शीव, नायर, जे. जे. ही मोठी रुग्णालये. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाण्याच्या त्या एका जिल्हा रुग्णालयावर जव्हार-मोखाड्यापासून मुरबाडपर्यंतचा भार होता. यकृताचे तज्ज्ञ कायम या उतरंडीच्या मुंबईकडच्या टोकाला असत.

गावाच्या ओळखीची कावीळ वेगळी. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए किंवा ई ही कावीळ डोळे पिवळे करते, लघवी गडद होते आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत ती आपली आपण उतरते. माळ घालून कावीळ उतरवणारे, नाकात कडू रस सोडणारे, भुईआवळ्याचा किंवा एरंडाच्या पानांचा रस देणारे वैदू यांच्यावरचा विश्वास या उतरण्यातूनच पक्का झाला. पिवळेपणा गेला म्हणजे आजार गेला, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा होता आणि पाण्याच्या काविळीपुरता तो खराही होता. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत त्याने घात केला. या आजारात सुरुवातीला कावीळ क्वचितच होते. डोळे पिवळे दिसतात तेव्हा यकृत बरेचसे निकामी झालेले असते. भुईआवळ्याची आशा मात्र केवळ गावठी नव्हती. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बीच्या वाहकांवर त्याचा चांगला गुण आल्याचे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले होते. पुढच्या अभ्यासांत तो पडताळला गेला नाही.

विषाणू या भागात, आणि देशभरच, दोन वाटांनी पसरला. एक वाट सुईची. ताप असो की अंगदुखी, टोचून घेतल्याशिवाय बरे वाटत नाही ही समजूत आणि टोचल्याशिवाय पैसे मिळत नाहीत ही खासगी दवाखान्याची अडचण, या दोन्हींनी मिळून गरज नसताना लाखो इंजेक्शने दिली गेली. काचेची सिरिंज नीट उकळली जाईच असे नाही. डिस्पोजेबल सुया आल्यावर त्याही पुन्हा वापरल्या गेल्या. २००२ ते २००४ या काळात झालेल्या देशव्यापी पाहणीत जवळपास ६३ टक्के इंजेक्शने असुरक्षित पद्धतीने दिली जात असल्याचे आढळले. हा दोष रुग्णांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. ते उपचारासाठीच गेले होते.

दुसरी वाट रक्तपिशवीची. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर बंदी आली आणि ती १ जानेवारी १९९८ पासून लागू झाली. दान केलेल्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची व्हायला २००१-०२ उजाडले. तोवर बाळंतपणात, अपघातात, शस्त्रक्रियेत ज्यांना रक्त चढवले गेले त्यांना धोका होताच. सर्वाधिक झळ बसली ती वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्यांना. वाशिंदपासून फारसे दूर नसलेल्या उल्हासनगरात सिंधी समाजात थॅलेसेमियाचे प्रमाण मोठे. या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते. हिमोफिलियाचे आणि डायलिसिसवरचे रुग्णही याच धोक्यात सापडले.

आजाराला नाव मिळायलाही वेळ लागला. रक्त घेतल्यानंतर होणारी काही यकृतदाहाची प्रकरणे ए आणि बी या दोन्ही विषाणूंची नाहीत, हे १९७५ मध्ये अमेरिकेत हार्वे आल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पुढची चौदा वर्षे त्याला ‘ए नव्हे, बी नव्हे’ एवढेच म्हटले जाई. भारतात या एका नावाखाली दोन निराळे आजार दडलेले होते: एक रक्तातून येणारा, दुसरा पाण्यातून. पाण्यातून येणारा तो हिपॅटायटिस ई. दिल्लीतील १९५५-५६ ची प्रचंड साथ त्याचीच होती, हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत विद्या अरणकल्ले यांच्या गटाने जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून सिद्ध केले. रक्तातील विषाणूचा शोध मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये लावला. चार्ल्स राइस यांच्या कामाने साखळी पूर्ण झाली आणि आल्टर, हॉटन व राइस या तिघांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पहिले औषध विषाणू सापडण्याआधीच हाती आले होते. १९८६ मध्ये काही रुग्णांना इंटरफेरॉन देऊन पाहण्यात आले. १९९१ मध्ये अमेरिकेत त्याला हिपॅटायटिस सीसाठी मान्यता मिळाली, १९९८ मध्ये जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या आल्या आणि २००१ पासून आठवड्यातून एकदाच टोचावे लागणारे पेगिलेटेड इंटरफेरॉन. उपचार २४ ते ४८ आठवड्यांचा. भारतात जास्त आढळणारा विषाणूचा तिसरा प्रकार त्याला त्यातल्या त्यात बरी दाद देई. पहिल्या प्रकारात जेमतेम निम्मे रुग्ण बरे होत.

या काळातील आशेची किंमत शरीराला मोजावी लागे. प्रत्येक टोचणीनंतर फ्लूसारखा ताप आणि हाडे मोडल्यागत दुखणे, केस गळणे, थायरॉइडचे बिघाड, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरणे. रिबाव्हिरिन रक्तातील तांबड्या पेशी फोडते, त्यामुळे थॅलेसेमियाच्या मुलांना आणखी रक्त चढवावे लागे. मन खचणे हाही या औषधाचा ठरलेला परिणाम; आत्महत्येचे विचार येण्याची सूचना त्याच्या माहितीपत्रकातच असे. सिऱ्हॉसिस पुढे गेलेल्यांना, म्हणजे ज्यांना औषधाची सर्वांत निकड होती त्यांनाच, ते देता येत नसे. शिवाय इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. तासन्‌तास भारनियमन असलेल्या खेड्यात वर्षभर ते सांभाळणे, किंवा दर आठवड्याला रोजगार बुडवून लोकलने शहरात जाणे, यांतले काहीही सोपे नव्हते. आणि पूर्ण उपचाराचा खर्च काही लाखांच्या घरात जाई. शेतमजूर, वीटभट्टीवरचा कामगार किंवा वाशिंद-आसनगावच्या कारखान्यांतला कंत्राटी कामगार या हिशेबात बसतच नव्हता.

या किमतीला पहिले आव्हान मुंबईतून मिळाले, आणि ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. २००५ मध्ये भारताने औषधांना उत्पादन-पेटंट देण्यास सुरुवात केली. नव्या कायद्याखाली २००६ मध्ये दिले गेलेले असे पहिले पेटंट रोश कंपनीच्या पेगिलेटेड इंटरफेरॉनला होते. नशेच्या सुईतून लागण झालेल्यांसोबत काम करणाऱ्या मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने त्याला हरकत घेतली; वोक्हार्ट कंपनीनेही घेतली. २००९ मध्ये पेटंट कार्यालयाने हरकती फेटाळल्या. संकल्पने अपील केले आणि २ नोव्हेंबर २०१२ रोजी बौद्धिक संपदा अपील मंडळाने ते पेटंट रद्द केले. मंडळाने आणखी एक गोष्ट मान्य केली: रुग्णांसाठी काम करणारी संस्था ही अशा प्रकरणात हितसंबंध असलेली बाजू असते. समाजाने झिडकारलेल्या नशेकरांच्या वतीने लढला गेलेला हा खटला सगळ्याच रुग्णांच्या कामी आला.

साधारण वर्षभरातच इंटरफेरॉनचे युग संपू लागले. ६ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली. विषाणूला आपली नक्कल करण्यासाठी लागणारे विकरच ही गोळी बंद पाडते. दिवसाला एक गोळी, बारा आठवडे; इतर गोळ्यांच्या जोडीने ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे. गिलियड कंपनीने अमेरिकेत बारा आठवड्यांची किंमत ठेवली ८४ हजार डॉलर, तेव्हाच्या दराने पन्नास लाख रुपयांहून अधिक. औषध आहे हे कळणे आणि ते आपल्यासाठी नाही हेही कळणे, असा तो काळ होता.

सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियडने सात भारतीय कंपन्यांना ९१ देशांसाठी हे औषध बनवण्याचे परवाने दिले. मुंबईची सिप्ला त्यांपैकी एक. जानेवारी २०१५ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने गिलियडचा अर्ज नाकारला, दिल्ली उच्च न्यायालयाने फेरविचाराला परत पाठवला आणि मे २०१६ मध्ये पेटंट मंजूर झाले. तोवर देशी गोळ्या बाजारात रुळल्या होत्या. मार्च २०१५ मध्ये २८ गोळ्यांची बाटली सुमारे २० हजार रुपयांना आली. स्पर्धेने भाव झपाट्याने उतरले. श्रीमंत देशांतले, पण विमा किंवा सरकारी मदत न मिळालेले रुग्णही याच गोळ्यांसाठी भारताकडे वळले.

तिसऱ्या प्रकारच्या विषाणूसाठी मात्र सोफोसबुव्हिर आणि रिबाव्हिरिन २४ आठवडे घ्यावे लागे. २०१५ च्या अखेरीस देशी डॅक्लाटासव्हिर आल्यावर तो काळ बारा आठवड्यांवर आला. २०१७ मध्ये आलेले वेल्पाटासव्हिर सर्व प्रकारांवर चालते, त्यामुळे विषाणूचा प्रकार ठरवणारी महागडी तपासणीच गरजेची उरली नाही. ग्रामीण रुग्णासाठी ही सुधारणा नव्या गोळीइतकीच मोलाची: एक तपासणी कमी म्हणजे मुंबईची एक फेरी कमी.

२८ जुलै २०१८ या जागतिक हिपॅटायटिस दिनी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. तपासणी आणि औषधे मोफत झाली, आणि उपचार वैद्यकीय महाविद्यालयांतून जिल्हा रुग्णालयांपर्यंत खाली आणण्याचे ठरले. २०३० पर्यंत हिपॅटायटिस सीचे उच्चाटन हे उद्दिष्ट. सिऱ्हॉसिस नसलेल्यांना सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, सिऱ्हॉसिस असलेल्यांना सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर, गरजेनुसार रिबाव्हिरिनची जोड. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना सोफोसबुव्हिर देण्याबाबत सुरुवातीला कचरले जाई. २०१९ मध्ये अमेरिकेत डायलिसिसवरच्या रुग्णांसाठीही ते मान्य झाले.

औषधाचा प्रश्न सुटला तेव्हा निदानाचा उघडा पडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ५५ लाख लोक हिपॅटायटिस सीसह जगत होते, आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पना नव्हती. बोटाच्या थेंबावर होणारी साधी तपासणी फक्त अँटिबॉडी दाखवते. विषाणू अजून शरीरात आहे की नाही हे आरएनए तपासणीनेच कळते. नमुना पाठवणे, अहवाल येणे आणि रुग्णाला पुन्हा बोलावणे या टप्प्यांवर दूरच्या पाड्यावरचा माणूस सुटून जातो.

गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए पुन्हा तपासला जातो. तो सापडला नाही तर रुग्ण बरा झाल्याचे धरतात. अँटिबॉडी मात्र बरे झाल्यावरही आयुष्यभर राहते, म्हणून असा माणूस रक्तदान करू शकत नाही आणि नोकरीच्या किंवा शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत तो ‘पॉझिटिव्ह’च दिसतो; बरे झाल्याचा आरएनए अहवाल जपून ठेवणे त्यासाठी गरजेचे असते. या आजारातून उठलेल्याला पुन्हा लागण होऊ शकते. ज्यांना उपचारापूर्वीच सिऱ्हॉसिस झाला होता त्यांना कर्करोगाचा धोका उरतो आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते.