लोणावळ्याचा उलटा सीझन

सेंट मॉरिट्झची एक गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. १८६४ साली योहानेस बाड्रुट नावाच्या हॉटेलवाल्यानं आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली. ही मंडळी उन्हाळ्यात आल्प्समध्ये यायची आणि थंडी पडायला लागली की पळ काढायची. हा म्हणाला, हिवाळ्यात येऊन बघा, नाही आवडलं तर येण्याजाण्याचा खर्च माझा. ते आले आणि वसंत ऋतूपर्यंत हललेच नाहीत म्हणे. गोष्टीत मीठमसाला किती ते देव जाणे, पण ज्या ऋतूत गावाला कुलूप लागायचं त्याच ऋतूत तिथे पुढे दोन हिवाळी ऑलिंपिक झाली (१९२८ आणि १९४८), हे मात्र खरं.

आपल्याकडेही असं सीझन उलटलेलं एक गाव आहे, पुण्याहून लोकलनं साधारण दीड तासावर. लोणावळा म्हटलं की आज तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर जुलैच येतो. धुकं, भजी, भाजलेलं कणीस, भुशी डॅमच्या पायऱ्या. पण इंग्रजांच्या काळात थंड हवेच्या ठिकाणी पावसाळ्यात जाणं म्हणजे वेडेपणा होता. मुंबईतले युरोपियन आणि धनिक पारशी खंडाळा-लोणावळ्याला यायचे ते एप्रिल-मेचा उकाडा चुकवायला. मुंबई सरकारचं वेळापत्रकच ठरलेलं असे: उन्हाळ्यात महाबळेश्वर, आणि पाऊस सुरू झाला की मुक्काम पुण्याला. गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत ही गव्हर्नरसाहेबांच्या त्या पावसाळी मुक्कामाची. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. साहेब घाट ओलांडून पुढे पुण्याला का जायचा, हे एवढ्या आकड्यावरून कळतं.

घाटातल्या पावसाला भ्यायला सबळ कारणंही होती. १८५८ साली पुणे-खंडाळा रेल्वे सुरू झाली, खाली खोपोलीपर्यंतची त्याआधीच झाली होती. मधला बोरघाट मात्र पालखी, घोडा किंवा बैलगाडीनं पार करायचा. तो जोडायला आणखी पाच वर्षं गेली. २५ बोगदे, ३७ फुटांमागे एक फूट चढ, आणि १८६१ च्या सुमारास कामावर ४२ हजार माणसं. पगार वेळेवर मिळत नाही म्हणून १८५९ मध्ये कामगारांनी दंगा केला. सॉलोमन ट्रेडवेल हा नवा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. मग त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, कंत्राट पुढे चालवून काम तडीस नेलं. कॉलऱ्यानं आणि अपघातांत मेलेल्या मजुरांचा आकडा हजारांत आहे, नावं मात्र कुठेच नाहीत. २१ एप्रिल १८६३ ला घाट सुरू झाला, आणि चारच वर्षांनी, १८६७ च्या ऐन जुलैमध्ये, मंकी हिलजवळचा एक मोठा कमानी पूल कोसळला. बांधकाम कच्चं होतंच.

या पावसाकडे पहिल्यांदा कमाई म्हणून बघितलं ते टाटांनी. लोणावळ्याचं पाणी खरं तर पूर्वेला जातं: इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागरात. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे तलाव बांधून ते अडवलं आणि नळांतून पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडलं. १९११ मध्ये पायाभरणी झाली, १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. चार महिन्यांचा पाऊस साठवून बारा महिने वापरायचा, आपल्या भाषेत बफरिंग! जमशेटजींचं हे स्वप्न, पण ते १९०४ मध्येच गेले होते. याच योजनेच्या पुढच्या टप्प्यात मुळशीच्या मावळ्यांची भातखाचरं बुडणार होती, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह उभा राहिला. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन, तो विषय दोन ओळींत उरकायचा नाही.

भुशी डॅमही मुळात सहलीसाठी नाहीच. जी.आय.पी. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून तो बांधलेला. इंजिनं विजेवर गेली, डॅम उरला.

मग गर्दीचा सीझन उलटला कधी? माझं मत विचाराल तर एक्स्प्रेस वे आणि पाच दिवसांचा आठवडा. १९९८ च्या 'गुलाम'मधल्या गाण्यानं खंडाळ्याचं नाव देशभर नेलं, २००२ मध्ये एक्स्प्रेस वे पूर्ण झाला, आणि हिंजवडीत आमच्यासारखे हजारो लोक शनिवार-रविवारचं काय करायचं या विवंचनेत पडले. मे महिन्यात आता एसी आहे, डोंगर कशाला हवा? पाऊस मात्र ऑफिसात बसून मिळत नाही.

मी दोन्ही ऋतूंत जातो. मेमध्ये भुशीच्या पायऱ्या कोरड्या ठणठणीत असतात, रस्त्याकडेला बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात. वळवणचं पाणी पार खाली गेलेलं असतं, कारण ते विजेसाठी वापरून झालेलं असतं. जुलैतल्या रविवारी त्याच रस्त्यावर तास-तास गाडी हलत नाही.

मेमध्ये आणखी एक गोष्ट दिसते जी जुलैत पाण्याखाली जाते: तो डोंगर म्हणजे काळा कातळ आणि वर हातभर माती. पाणी मुरायला जागाच नाही. वर माथ्यावर जोरदार सर आली की काही मिनिटांत ओढा फुगतो, खाली उभ्या असलेल्याला तो पाऊस दिसलेलाही नसतो. ३० जून २०२४ ला, रविवारीच, भुशी डॅममागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर मावळातल्या अशा जागांवर संध्याकाळी सहानंतर बंदी आली. १५ जून २०२५, पुन्हा रविवार: कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीनं कोसळला, चार जण गेले. शेतकऱ्यांच्या येण्याजाण्याचा पूल, त्यावर आपण पाणी बघायला उभे.

आणि याच आठवड्यांत मावळात भाताची लावणी असते. इंद्रायणी तांदूळ आपण पुण्यात कौतुकानं खातो, तो वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातच तयार झाला, १९८७ साली. गेल्या जुलैत भाजे गावाजवळ एक काका चिखलात एकटेच लावणी करत होते. मी विचारलं, घरचे कुठे? "पोरं गेली रस्त्यावर कणसं भाजायला. दोन दिवसांत तिकडं जेवढं मिळतं तेवढं इथं महिन्यात नाय," ते म्हणाले. सोमवारी येतील म्हणाले मदतीला, गर्दी ओसरली की. मग रोपांची पुढची जुडी सोडवायला लागले.