बाटली खरी, लेबल खरं

खार दांड्याच्या गल्ल्यांतून सकाळी रद्दीवाल्यांच्या हातगाड्या फिरतात. एका अंगाला कोळीवाडा, बंदर, दोरीवर वाळत घातलेले बोंबील. दुसऱ्या अंगाला चढत गेलेली पाली हिल. गाडी दोन्हीकडे जाते, पण माल वेगळा येतो. खालून वर्तमानपत्रं, पत्र्याचे डबे, प्लास्टिक, वरून बाटल्या. बिअरची बाटली तो न बघता गोणीत टाकतो. परदेशी स्कॉचची आली की मात्र थांबतो. लेबल फाटलेलं नाही ना, झाकण शाबूत आहे ना, हे जवाहिऱ्यासारखं निरखतो आणि मग विचारतो, 'खोका आहे का?' खोक्यासकट बाटलीचा भाव वेगळा.

आता काच वितळवायची असेल तर खोका कशाला हवा?

मी दारू घेत नाही. ती कशी लागते यावर माझ्याकडून काही ऐकायला मिळणार नाही. पण शब्दांवर जगणाऱ्या माणसाला बाटलीवरच्या त्या चिटोऱ्याचं कुतूहल वाटतंच. खोक्याचं उत्तर राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या छाप्यांच्या बातम्यांत मिळतं. रिकाम्या परदेशी बाटल्यांत देशात तयार झालेली स्वस्त व्हिस्की भरायची, नवं सील लावायचं, खोक्यात घालून विकायचं. बाटली खरी, लेबल खरं, खोकाही खरा. खोटं काय ते आत.

या धंद्याची मुळं आपल्या शहराच्या इतिहासात आहेत. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी आली. परवाना मिळवणाऱ्यांना बाटली मिळे. बाकीच्यांसाठी उपनगरांत, खाडीकाठच्या तिवरांत हातभट्ट्या पेटल्या. १९६० च्या दशकात बंदी सैल झाली. कायदा मात्र पुस्तकात राहिला, आणि दारू प्यायला महाराष्ट्रात आजही परवाना लागतो. बंदीच्या त्या वर्षांत स्कॉच ही चाखण्यापेक्षा ऐकण्याची गोष्ट झाली. खरी स्कॉच ज्याने कधी घेतलीच नव्हती, तो तिची चव कशावरून ओळखणार? तो लेबल ओळखत होता. फसवणाऱ्याला तेवढं पुरेसं होतं.

तुम्ही म्हणाल, हे नवशिक्यांचं झालं. मुरलेला जाणकार असा फसणार नाही. मग जगातल्या सगळ्यात मुरलेल्या जाणकारांची गोष्ट सांगतो.

५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनच्या ख्रिस्टीज या लिलावघरात १७८७ सालच्या शातो लाफित वाइनची एक बाटली एक लाख पाच हजार पौंडांना गेली. काचेवर 'थ. ज.' अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरं कोरलेली होती. म्हणजे अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मालकीची बाटली, असा दावा. ती विकायला आणणारे हार्डी रोडेनस्टॉक हे जर्मन गृहस्थ सांगत, की पॅरिसमधल्या एका जुन्या घराच्या भिंतीआड बुजवलेल्या तळघरात अशा बाटल्या सापडल्या. घर कोणतं, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. बाटली घेतली फोर्ब्ज घराण्याने आणि काचेच्या पेटीत दिव्याखाली मांडली. दिव्याच्या उष्णतेने बूच आक्रसलं आणि आत पडलं!

त्याच साठ्यातल्या चार बाटल्या बिल कोक या अमेरिकन उद्योगपतीने १९८८ मध्ये घेतल्या. पुढे २००५ मध्ये बोस्टनच्या संग्रहालयात त्याच्या संग्रहाचं प्रदर्शन व्हायचं होतं. तेव्हा त्याच्या माणसांनी जेफरसनच्या माँटिचेलो इथल्या अभ्यासकांकडे विचारणा केली. जेफरसन हिशेबाला पक्का, घेतलेली प्रत्येक वस्तू टिपून ठेवणारा. या बाटल्या त्याच्या होत्या याला कसलाच आधार नाही, असं उत्तर आलं. कोकने तपास लावला. नक्षीकाम जाणणाऱ्यांनी सांगितलं, की ही अक्षरं अठराव्या शतकातल्या चाकावर नव्हे, विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरलेली दिसतात. २००६ मध्ये त्याने दावा लावला. रोडेनस्टॉक यांनी आरोप नाकारले, आणि २०१८ मध्ये ते वारले तोवर कोणत्याही फौजदारी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलेलं नव्हतं. मला यात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. कोकला संशय यायला बरीच वर्षं लागली आणि तो आला जिभेकडून नव्हे, हिशेबाच्या वहीकडून.

रूडी कुर्नियावानचं प्रकरण याहून उघड आहे. इंडोनेशियातून अमेरिकेत आलेला हा तरुण. त्याच्या जिभेची ख्याती अशी, की भलेभले संग्राहक त्याच्या मताची वाट पाहत. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन लिलावांत त्याच्या वाइन साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास विकल्या गेल्या. मोठ्या जेवणावळी द्यायचा आणि रिकाम्या बाटल्या आपल्याकडे पाठवा, असं रेस्तराँला सांगायचा. आठवण म्हणून ठेवत असेल, असं लोकांना वाटे. २००८ मध्ये लिलावात पाँसो या फ्रेंच घराण्याच्या 'क्लो सँ दनी' वाइनच्या १९४५ पासूनच्या बाटल्या आल्या. त्या घराण्याचे लोराँ पाँसो स्वतः न्यूयॉर्कला येऊन थडकले, कारण त्यांच्या घराण्याने ही वाइन करायला सुरुवातच केली होती १९८२ मध्ये. मार्च २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया इथल्या घरातून कुर्नियावानला अटक झाली. आत रिकाम्या बाटल्या, जुनी बुचं, लाख आणि हजारो छापील लेबलं होती. स्वस्त जुन्या वाइनमध्ये नवी मिसळून तो हव्या त्या सालाची चव 'तयार' करत होता. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. २०२१ मध्ये अमेरिकेने त्याला परत धाडलं.

रिकामी बाटली जपून ठेवणारा हा माणूस आणि आमच्या दांड्यातला खोका मागणारा रद्दीवाला यांची बाजारपेठ फार निराळी नाही. आणि पाँसोंनाही चूक सापडली ती लेबलावरच्या सालात.

जाणकार असा का फसतो, याचा एक नमुना माझ्या स्वतःच्या प्रांतातला, म्हणजे कवितेतला आहे. मद्य म्हटलं की उमर खय्याम आठवतो. माधव जूलियन यांनी मूळ फारसीवरून केलेला त्याच्या रुबायांचा अनुवाद १९२९ मध्ये आला आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून केलेली 'द्राक्षकन्या' १९३१ मध्ये. एकाच कवीला दोनदा मराठीत आणावं लागलं, कारण मूळ बाटलीतलं आणि इंग्रजी बाटलीतलं एकच नव्हतं, हे फारसी शिकवणाऱ्या जूलियनांना ठाऊक होतं. खय्यामच्या नावावरच्या रुबायांपैकी त्याच्या किती, हा वाद जुनाच आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला ए. जे. आर्बेरी या केंब्रिजच्या नामवंत पंडितांच्या हाती तेराव्या शतकातली म्हणून दोन हस्तलिखितं आली. आर्बेरींनी त्यांच्या आधारे १९४९ आणि १९५२ मध्ये पुस्तकं काढली. नंतर अभ्यासक या निष्कर्षाला आले, की दोन्ही हस्तलिखितं आधुनिक काळात बनवलेली आहेत. आर्बेरींची विद्वत्ता कमी नव्हती. त्यांना जे सापडावंसं वाटत होतं, तेच कोणीतरी बनवून दिलं. अडाण्याला असं काही हवंसंच वाटलं नसतं.

योगायोग असा, की नारायणगावच्या इंडेज कंपनीने १९८० च्या दशकात फ्रेंच पद्धतीने फेसाळ वाइन बनवली आणि परदेशी पाठवली, तिचं नाव होतं 'ओमर खय्याम'. खय्यामने नारायणगाव पाहिलं नव्हतं, पण नावाने कुणाची फसवणूकही झाली नाही.

नाव कुठवर घ्यावं, हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढेही आला. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना घेऊन उभा केला, आशियातला पहिला. त्याचा महाराष्ट्राला अभिमान आहे, मलाही आहे. त्याच कारखान्याने 'ड्रम बीटर' आणि 'गोल्ड टायकून' या नावांची व्हिस्की काढली. लेबलावर स्कॉचमिश्रित असल्याची ओळ आणि घागऱ्यातला स्कॉटिश ढोलवाला! कायद्याने स्कॉच म्हणजे स्कॉटलंडमध्ये गाळलेली आणि तिथेच किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात मुरलेली. स्कॉच व्हिस्की असोसिएशन मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि १९९१ मध्ये न्यायालयाने प्रवरेला मनाई केली.

दुसरा निकाल उलटा लागला. बंगळुरूच्या खोडे कंपनीची 'पीटर स्कॉट' १९६८ पासून बाजारात होती. असोसिएशनने ते नाव रद्द करून मागितलं १९८६ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये ही मागणी फेटाळली. मुख्य कारण होतं उशीर, आणि ते पटण्यासारखं आहे. पण न्यायालयाने आणखी एक मुद्दा मांडला: या मालाचं गिऱ्हाईक शिकलेलं आणि सधन असतं, म्हणून त्याला लावायची कसोटी खेड्यातल्या, निरक्षर, गरीब गिऱ्हाइकाच्या कसोटीहून वेगळी. मी कायदा शिकलेलो नाही. पण हा मुद्दा वाचताना मला फोर्ब्ज, कोक आणि आर्बेरी आठवतात. शिकलेला, सधन माणूस फसत नाही, याचा पुरावा मला तरी या इतिहासात मिळालेला नाही. तो फसतो, पण त्याची फसवणूक तपासायला माँटिचेलोचे अभ्यासक असतात, लोराँ पाँसो असतात, वकील असतात.

त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे लेबलच नसतं. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ८७ माणसं गेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक. अशा दारूत मारतं ते मिथेनॉल. कारखान्यांत लागणारं हे रसायन दिसायला साध्या मद्यार्कासारखंच, आणि चवीवरून पिणाऱ्याला फरक कळत नाही. शरीरात गेलं की त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं. आधी डोळे जातात. मालवणीत मेलेले बहुतेक मजूर होते. त्यांना कुणी सोळाशे-सतराशेचं साल सांगितलं नव्हतं, की ढोलवाला दाखवला नव्हता. खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात चालला. २०२४ मध्ये चौघे दोषी ठरले, बाकीचे सुटले. तोवर घटनेला नऊ वर्षं होत आली होती.