चोरीस पाव रोज खावा का? गोव्याच्या नाश्त्यातून काय मिळतं?

पाव मधोमध चिरायचा आणि कांद्यात शिजवलेलं चोरीस त्यात भरायचं. गोव्यात घरापासून गाड्यापर्यंत सगळीकडे मिळणारा हा चोरीस पाव चविष्ट आणि पोटभरीचा असतो. पण तो रोजच्या खाण्यातला पदार्थ आहे का?

चोरीस म्हणजे काय?

डुकराचं मांस आणि चरबीचे तुकडे मीठ, लाल मिरच्या, आलं-लसूण, मसाले आणि माडीच्या व्हिनेगरमध्ये मुरवतात. मग ते आतड्यात भरून उन्हात वाळवतात किंवा धुरी देतात. ते टिकतं मीठ, व्हिनेगर आणि वाळवण्यामुळे. मात्र ते कच्चंच असतं, म्हणून नीट शिजवूनच खावं.

काय मिळतं?

मांसातून प्रथिनं, लोह, बी-1 आणि बी-12 जीवनसत्त्वं मिळतात. सोबत चरबीही येते. 1 ग्रॅम चरबीत 9 कॅलरी असतात, तर प्रथिनं आणि कर्बोदकांत प्रत्येकी 4. मैद्याच्या 50 ग्रॅमच्या पावातून साधारण 130 कॅलरी मिळतात, तंतू मात्र अगदी कमी.

खरी अडचण कुठे?

पहिली अडचण मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चमच्यापेक्षा, कमी मीठ खावं. चोरीसमध्ये ते भरपूर असतं आणि पावातही असतं. रक्तदाब असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

दुसरी, कर्करोगाचा धोका. या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. खारवलेलं आणि धुरी दिलेलं मांसही त्यात येतं. रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ 100 पैकी 18 जणांना कर्करोग होतो असा नाही. मूळ धोका जेवढा, त्यात तेवढी भर पडते. तंबाखूही याच गटात आहे, पण दोन्हींचा धोका सारखा नाही. पुरावा किती पक्का, एवढंच हा गट सांगतो.

मग खायचा कसा?

• रोज नको, कधीतरी खावा.
• चोरीस स्वतःच्या चरबीत शिजतं. वेगळं तेल घालू नये. वर तरंगणारी चरबी काढून टाकावी.
• शिजवताना वरून मीठ घालू नये. कांदा-बटाटा वाढवला की चोरीस कमी लागतं.
• मैद्याच्या पावाऐवजी कोंडा असलेली पोई घ्यावी.
• सोबत काकडी-टोमॅटो किंवा फळ असावं.