हँडल गेलं कुठे?

मोटारीच्या अंगावर किती सटरफटर गोष्टी चिकटवलेल्या असतात ते कधी बघितलंय? कंपनीचा बिल्ला, क्रोमच्या पट्ट्या, कुलपाची भोकं आणि अर्थातच दारांची हँडल्स. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या काही पोरांच्या डोळ्यांत हे सगळं खुपायला लागलं. त्यांनी एकेक वस्तू काढली, भोकं बुजवली आणि वरून वितळलेलं शिसं थापून पत्रा गुळगुळीत केला. त्यांच्या भाषेत याला 'शेव्हिंग' म्हणतात. म्हणजे गाडीची चक्क दाढी!

या मंडळींतले सगळ्यात गाजलेले म्हणजे सॅम आणि जॉर्ज बॅरिस हे भाऊ. (१९६६ च्या टीव्ही मालिकेतली बॅटमोबिल बनवणारा तोच हा जॉर्ज.) १९५२ साली त्यांनी बॉब हिरोहाता नावाच्या गिऱ्हाइकासाठी १९५१ ची मर्क्युरी नव्याने घडवली. छप्पर कापून खाली आणलं, ब्युइकच्या पट्ट्या लावल्या आणि दारांची हँडल्स उडवली. ही गाडी इतकी प्रसिद्ध झाली की २०१७ साली तिची अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली.

दिसायला झक्कास, पण दार उघडायचं कसं?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. हँडल ही दिसते एकच वस्तू, पण ती कामं तीन करते. एक, आतला खटका ओढून दार मोकळं करते. दोन, दार खेचायला हाताला पकड देते. तीन, बाहेरच्या माणसाला न विचारता सांगते की बाबा रे, इथून उघड. हँडल काढलं म्हणून ही कामं संपत नाहीत. ती दुसऱ्या कुणाला तरी करावी लागतात.

पहिलं काम सोलेनॉइडकडे गेलं. तारेचं वेटोळं, त्यात लोखंडी दांडा. वीज सोडली की दांडा झटक्यात आत ओढला जातो. दांड्याला केबल आणि केबलचं दुसरं टोक खटक्याला. सुरुवातीला याचं बटण गाडीखाली कुठेतरी लपवलेलं असायचं. पुढे रिमोट आला. १९८२ साली रेनॉच्या फ्युएगो गाडीवर रिमोटचं लॉक आल्यावर ही कल्पना घरोघरी पोचली.

पण इथे एक गंमत लक्षात घ्या. आपल्या नेहमीच्या सेंट्रल लॉकिंगची मोटर अगदी कमी ताकदीची असते, कारण ती फक्त कुलूप सरकवते. खटका ओढायला आपला हात असतोच. बिनहँडलच्या गाडीत हाताचं काम सोलेनॉइडला करायचं असतं. म्हणून शेव्हिंगच्या किटवर ३५ पौंड, ५० पौंड असे ओढण्याच्या ताकदीचे आकडे लिहिलेले असतात. एवढ्या ताकदीला करंटही भरपूर लागतो. म्हणून रिमोटचा इवलासा सिग्नल आधी रिलेला जातो आणि रिले जाड वायरीतून बॅटरीचा करंट सोडतो. केबल सरळ रेषेत ओढली गेली पाहिजे, नाहीतर निम्मी ताकद वाकण्यातच जाते.

दुसरं काम स्प्रिंगकडे. चौकटीत रबरी टोपीचा स्प्रिंगवाला खुंटा बसवतात. खटका सुटला की तो दार बोटभर बाहेर ढकलतो, मग कडेला बोटं घालून उघडायचं.

आणि बॅटरी उतरली तर? जाणते कारागीर गाडीखाली कुणाला दिसणार नाही अशी एक साधी केबल सोडून ठेवतात. हाताने ओढली की दार उघडतं. काही जण बाहेरून बॅटरीला करंट देता येईल असे दोन स्क्रू लपवतात. कारण बाहेर अडकणारा माणूस बहुधा गाडीचा मालकच असणार!

तिसऱ्या कामाचं मात्र काय? १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेटलाही बाहेर हँडल नव्हतं. पण ती उघडी गाडी, हात आत घालून दार उघडता यायचं. २००५ च्या कॉर्व्हेटमध्ये आतलंही नेहमीचं हँडल गेलं आणि तिथे विजेचं बटण आलं. वीज गेली तर म्हणून सीटशेजारी खाली ओढायची एक खिट्टी दिलेली होती. २०१५ साली टेक्सासमध्ये बॅटरीची वायर निसटली आणि ७२ वर्षांचे एक गृहस्थ आपल्या कुत्र्यासह अशाच गाडीत कोंडून उन्हाच्या तापाने गेले. खिट्टी होती. ती आहे हे त्यांना सांगणारं समोर काही नव्हतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने २०२१ च्या सुमारे १,७४,००० टेस्ला मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली. बॅटरी उतरल्यावर बाहेरची विजेची हँडल्स चालत नव्हती आणि काही पालकांना काच फोडून मुलांना बाहेर काढावं लागलं होतं. चीनने तर नियमच केला की १ जानेवारी २०२७ पासून नव्या मॉडेलच्या दारांना आतून आणि बाहेरून विजेशिवाय चालणारं हँडल हवंच.

बॅरिसच्या जमान्यात गाडी एकाची असायची आणि गुपित त्यालाच ठाऊक असलं की भागायचं. तीच गाडी लाखांनी विकायला लागलं की गुपित भाच्याला, शेजाऱ्याला, अपघातानंतर धावून आलेल्या अनोळखी माणसालाही माहीत असावं लागतं. आणि तसं गुपित म्हणजेच हँडल, नाही का?

असो. तुमच्या गाडीची दारं बटणावर उघडत असतील तर आज एक काम करा. मॅन्युअल काढा, बॅटरी गेल्यावर ओढायची खिट्टी कुठे आहे ते शोधा आणि घरातल्या सगळ्यांना एकदा स्वतःच्या हाताने ओढायला लावा. मागच्या सीटवर बसणाऱ्यांना आधी.