केवलादेव: म्हशी, गवत आणि शिकारीचा दगडी हिशेब

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात आलेला प्रवासी चित्रबलाक आणि सारस पाहत सायकलरिक्षाने केवलादेवाच्या मंदिरापाशी पोहोचतो, तेव्हा त्याला एक दगडी फलक दिसतो. त्यावर कोरले आहेत शिकारीचे हिशेब: तारीख, प्रमुख पाहुणा, बंदुकांची संख्या, मारलेले पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. एका दिवसात!

हे पाणथळ निम्मे मानवनिर्मित आहे. मूळचा नैसर्गिक खोलगट भाग अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांनी बांधलेल्या अजान बांधाच्या पाण्याने भरू लागला. (पानिपतानंतर परतणाऱ्या मराठ्यांना आसरा देणारे सूरजमल ते हेच.) त्यांच्या वंशजांनी पुढे येथे बदकांच्या शिकारीचे राखीव क्षेत्र उभारले. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झाले खरे, परंतु शेवटची मोठी शिकार १९६४ मध्ये झाली आणि महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत टिकला. १९८१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

राजांचा हक्क असा सावकाश मावळला. गावकऱ्यांचा मात्र एकाएकी गेला. आसपासच्या गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या येथे चरत असत. १९८२ मध्ये चराईवर संपूर्ण बंदी आली. त्याच नोव्हेंबरात विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेकांचे प्राण गेले.

बंदीमागचा तर्क सरळ होता: गुरे गेली की पक्ष्यांना मोकळीक मिळेल. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दशकभर केलेल्या अभ्यासातून निराळेच निष्पन्न झाले. म्हशी पाण्यात उतरून जे गवत खात, ते आता निर्वेध माजले. उघडे पाणी आक्रसले, आणि पाणपक्ष्यांचे खाद्य व वावरण्याची जागा दोन्ही घटले. ज्या म्हशींना उपद्रव मानले, त्याच हे पाणी मोकळे ठेवत होत्या. गवत हटवण्यासाठी पुढे गावकऱ्यांनाच कापणीची परवानगी द्यावी लागली. पण तोवर मेलेली माणसे परत येणार नव्हती.

सायबेरियन क्रौंच मात्र गेले ते वेगळ्या कारणांनी. दूरच्या स्थलांतरमार्गावरील शिकार आणि अधिवासाचा ऱ्हास ही त्यांतली प्रमुख. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली होती. त्यानंतर ते येथे आले नाहीत.