कम्पॅशन फटीग म्हणजे काय? इतरांची काळजी घेणाऱ्या नर्सचं मन का थकतं?

रुग्णाच्या वेदना रोज जवळून पाहून, त्या वाटून घेऊन एक दिवस मन बधिर होतं. काही वाटेनासं होतं. यालाच 'कम्पॅशन फटीग' म्हणजे सहवेदनेचा थकवा म्हणतात. कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ मध्ये एका लेखात नर्सेसच्या संदर्भात हा शब्द वापरला. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिगली यांनी १९९५ च्या पुस्तकातून तो पुढे रुजवला.

बर्नआउट आणि हे एकच का?
नाही. बर्नआउट कोणत्याही नोकरीत होऊ शकतं. कामाचा बोजा, अपुरा स्टाफ, सततचा ताण ही त्याची कारणं. कम्पॅशन फटीगचं मूळ मात्र दुसऱ्याच्या दुःखाशी असलेल्या नात्यात असतं. अनेक नर्सेसना दोन्ही एकाच वेळी सोसावं लागतं.

लक्षणं कोणती?
- झोप न लागणं, ड्युटीवर जायचं नकोसं वाटणं
- लहानसहान गोष्टींवर चिडचिड
- गेलेल्या रुग्णाचा चेहरा डोळ्यांसमोरून न हलणं
- घरच्यांशीही बोलावंसं न वाटणं
- 'मीच कमी पडले' ही टोचणी

म्हणजे सिस्टरच्या तुटक बोलण्यामागे दरवेळी निष्काळजीपणाच असतो असं नाही. आधी जीव लावलेला असतो, म्हणूनच हा थकवा येतो.

नर्स स्वतःसाठी काय करू शकतात?
'प्रोक्वॉल' या ३० प्रश्नांच्या चाचणीतून आपण कुठे आहोत याचा अंदाज येतो. हे निदान नव्हे. एखादा मृत्यू मनाला लागला तर तो सहकाऱ्यांशी बोलावा. जेवण, पाणी आणि झोप यांना कात्री लावू नये. ड्युटी संपल्यावर चालणं, गाणं असं काहीतरी ठरलेलं असावं. त्रास वाढला तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं.

एवढं पुरेसं आहे का?
नाही. सलग नाईट, रद्द झालेली सुट्टी आणि एकीच्या माथी भरलेला वॉर्ड असेल, तर प्राणायामाचा सल्ला तोकडाच पडतो. पुरेशी भरती, नीट आखलेलं ड्युटीचं वेळापत्रक, कठीण प्रसंगानंतर मोकळं होण्याची जागा ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे. सेल्फ-केअरच्या नावाखाली ती नर्सच्याच खांद्यावर टाकता येणार नाही.

आणि नातेवाइकांच्या हातात काय आहे? आवाज न चढवता विचारणं आणि निघताना सिस्टरचे आभार मानणं. त्याला पैसे पडत नाहीत.