सिलिंडर हेडमधील वायुप्रवाहाचे मापन : एका पुराव्याची परीक्षा

यंत्रांच्या इतिहासात शोधकांच्या नावांना आणि शर्यतींतील विजयांना जेवढे स्थान मिळते, तेवढे मापनपद्धतींना मिळत नाही. वास्तविक एखाद्या काळातील तंत्रज्ञांना काय ठाऊक होते, हे त्यांना काय मोजता येत होते ह्यावरून पुष्कळ अंशी ठरते. मोटारगाडीच्या जुन्या एंजिनांविषयी लिहिताना ‘हेड सुधारले म्हणून शक्ती वाढली’ असे विधान वारंवार केले जाते. ते कोणत्या पुराव्यावर स्वीकारावे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

प्रथम मापनाचे तत्त्व पाहू. एंजिनाची शक्ती ते किती हवा आत घेऊ शकते ह्यावर मुख्यतः अवलंबून असते. ही हवा हेडमधील प्रवेशमार्गातून आणि झडपेभोवतीच्या फटीतून सिलिंडरमध्ये शिरते. झडप तिच्या व्यासाच्या एक चतुर्थांश इतकी उचलली म्हणजे ह्या फटीचे क्षेत्रफळ झडपेच्या व्यासाच्या वर्तुळाएवढे होते. त्यानंतर झडप अधिक उचलण्याचा लाभ घटत जातो आणि मार्गाचा आकार निर्णायक ठरू लागतो. हा आकार जोखण्यासाठी हेड एका पेटीवर बसवितात, झडप ठराविक उंचीवर धरून ठेवतात आणि पंख्याच्या साहाय्याने त्यातून हवा ओढतात. हेडवर पडणारा दाबातील फरक पाण्याच्या एका स्तंभाने, व मापक छिद्रावरील फरक दुसऱ्या स्तंभाने वाचला जातो. प्रवाह दाबातील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. येथे एंजिन चालत नसते. दट्ट्या नसतो, उष्णता नसते, हवेचा स्पंदही नसतो. पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे.

ह्या मापनाचा उगम शर्यतीच्या मैदानात शोधण्याची प्रथा आहे. ती पूर्णपणे बरोबर नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विमानविद्या सल्लागार समितीने १९१८ मध्ये लुइस व नटिंग ह्यांचा झडपांमधील वायुप्रवाहाविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. विमानाच्या एंजिनांत त्या वेळी रूढ असलेल्या पद्धतीचा सिलिंडर घेऊन त्यांनी एकेरी झडपा व झडपांच्या जोड्या ह्यांची अखंड प्रवाहाखाली तुलना केली. मोटारगाडीच्या कारखान्यांत मात्र मार्गाला आकार देण्याचे काम पुढेही बराच काळ कारागिराच्या कानशीवर आणि अनुभवावर सोपविलेले राहिले.

ही दरी बुजविणाऱ्यांत इंग्लंडमधील हॅरी वेस्लेक (१८९७–१९७८) ह्यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचे वडील एक्झेटर येथील विली ह्या गॅसमापके बनविणाऱ्या कंपनीत होते. वायू किती वाहतो हे मोजणे हा तेथील नित्याचा व्यवहार असल्यामुळे, एंजिनाकडे वायुमापकाच्या दृष्टीने पाहणे वेस्लेक ह्यांना सहज सुचले असावे. १९३५ मध्ये विल्यम लायन्स ह्यांच्या एस्. एस्. कार्स ह्या कंपनीसाठी त्यांनी स्टँडर्डच्या २६६३ घनसेंटिमीटरच्या, बाजूस झडपा असलेल्या एंजिनाला वरून झडपांचे हेड दिले. पूर्वी सुमारे ७० अश्वशक्ती देणारे हे एंजिन आता १०० हून अधिक देऊ लागले. तथापि येथे झडपांची जागा, ज्वलनकक्षाचा आकार आणि प्रवेशमार्ग ही तिन्ही एकदम बदलली. ह्या वाढीचे सारे श्रेय मापनाला देणे पुराव्याला धरून होणार नाही.

हाच प्रश्न जॅग्वारच्या एक्सके एंजिनाच्या बाबतीत अधिक स्पष्टपणे उभा राहतो. १९४८ मध्ये पुढे आलेल्या ह्या ३४४२ घनसेंटिमीटरच्या एंजिनात प्रवेशमार्गाला मुद्दाम बाक दिलेला होता. आत शिरणाऱ्या हवेला भोवरा मिळून ज्वलन त्वरित व्हावे, हा त्यातील हेतू. कंपनीने जाहीर केलेली शक्ती १६० अश्वशक्ती होती. १९५८ च्या एक्सके १५० एस् गाडीत हा मार्ग सरळ करण्यात आला, आणि तितक्याच घनमानाच्या एंजिनासाठी २५० अश्वशक्तीचा आकडा जाहीर झाला. म्हणजे भोवऱ्याचा काही भाग सोडून प्रवाहाला प्राधान्य देण्यात आले. परंतु त्याच गाडीत दोनाऐवजी तीन कार्ब्युरेटर होते आणि संपीडनाचे प्रमाण ८ वरून ९ वर गेले होते. मार्ग सरळ केल्याने किती लाभ झाला, हे ९० अश्वशक्तीच्या एकूण फरकातून वेगळे काढता येत नाही. अधिक वाहणारे हेड नेहमीच अधिक चांगले जाळते असे नाही, एवढे मात्र ह्या दहा वर्षांतील बदल सांगून जातो.

स्थिर प्रवाहाच्या मापनाची मर्यादा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ए-मालिकेतील एंजिनात सर्वांत ठळकपणे दिसते. १९५१ च्या ऑस्टिन ए ३० मध्ये आलेल्या व १९५९ पासून मिनी गाडीत बसविलेल्या ह्या एंजिनाला चार सिलिंडरांसाठी दोनच प्रवेशमार्ग आहेत. त्याच कंपनीच्या बी-मालिकेतही हीच रचना असून, आपल्याकडील अँबॅसडर गाडीत तिचे १४८९ घनसेंटिमीटरचे एंजिन वापरले गेले. स्फोटक्रम १-३-४-२ असल्यामुळे प्रत्येक जोडीत आधी आतला सिलिंडर हवा ओढतो आणि भुजादंड अर्धा फेरा फिरताच बाहेरचा ओढू लागतो. त्यानंतर आतला पुन्हा ओढू लागेपर्यंत दीड फेरा जातो. पहिल्याची झडप पुरती मिटण्यापूर्वीच दुसऱ्याची उघडलेली असते, आणि दोघांत एकाच हवेसाठी ओढाताण होते. मापनाच्या पेटीवर एकेक सिलिंडर सुटा तपासला तर दोन्ही सारखे भासतात. चालत्या एंजिनात ते तसे नसतात.

स्थिर मापन व चालते एंजिन ह्यांचा संबंध जोडण्याचा पद्धतशीर प्रयत्न विद्यापीठीय संशोधनातून झाला. लिव्हनगुड व स्टॅनिट्झ ह्यांचे १९४३ मधील संशोधन आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधील सी. एफ्. टेलर ह्यांचा १९६० चा ग्रंथ ह्यांत एक गुणोत्तर मांडलेले आहे. पेटीवर मिळालेला प्रवाहगुणक हिशेबात धरून झडपेतील हवेचा सरासरी वेग काढावयाचा आणि त्याला ध्वनीच्या वेगाने भागावयाचे. हे गुणोत्तर सुमारे ०·६ च्या पुढे गेले म्हणजे सिलिंडर भरण्याची क्षमता झपाट्याने घसरते. पेटीवरील अंकाला अर्थ येतो तो असा, एंजिनाच्या वेगाशी व सिलिंडरच्या व्यासाशी त्याची सांगड घातल्यावर.

१९७० नंतर तयार मापनयंत्रे बाजारात आली आणि लहान कार्यशाळांतूनही हे अंक छापले जाऊ लागले. काही यंत्रे पाण्याच्या १० इंच दाबावर, तर काही २५ किंवा २८ इंचांवर वाचन देत. १० इंचांवर मिनिटाला १०० घनफूट वाहणारे हेड २८ इंचांवर सुमारे १६७ घनफूट दाखवील. हेडमध्ये तिळमात्र बदल झालेला नसेल. दाब न सांगता दिलेला आकडा अभ्यासकाला निरुपयोगीच समजावा लागतो.

ह्या इतिहासाचा निष्कर्ष असा की, वायुप्रवाहमापनाने कारागिराच्या हातातील कौशल्याला तुलनेची भाषा दिली, आणि हे त्याचे कार्य मोठे आहे. परंतु ती भाषा मार्गाविषयी बोलते, एंजिनाविषयी नव्हे. म्हणून जुन्या हेडविषयीचा कोणताही दावा तपासताना मापन कोणत्या दाबावर व झडपेच्या किती उंचीवर झाले, आणि हेडबरोबर आणखी काय बदलले, हे आधी विचारले पाहिजे. ही चौकशी केवळ लेखनशुद्धीसाठी नाही. जी जुनी हेडे आज शिल्लक आहेत तीच आपली मूळ साधने होत. आकड्याच्या मोहाने त्यांतील धातू एकदा कोरून काढला, म्हणजे घडविणाऱ्याने मार्गाला तो बाक का दिला होता हे तपासण्याची सोय कायमची नाहीशी होते.